नाव घेणं आणि नाव राखणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मराठीत 'नाव' या शब्दाला जितकी क्रियापदं जोडली जातात, तितकी फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येत असतील. बारशाला आपण बाळाचं नाव ठेवतो आणि घरी परतताना यजमानांच्या जेवणाला नावं ठेवतो. नवी नवरी उखाण्यात नाव घेते. मुलगा शिकून घराण्याचं नाव काढतो, नाही तर नाव बुडवतो. कुणी फारच मन दुखावलं, तर माणूस म्हणतो, 'मी त्याचं नावच टाकलं.' नाव म्हणजे हाक मारायची नुसती सोय नव्हे. त्यात माणूस असतो, त्याची अब्रू असते, त्याच्याशी असलेलं आपलं नातं असतं, हे मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

आज मला बोलायचं आहे ते देवाच्या नावाबद्दल. ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या बोलण्यात देवाचं नाव कसं यावं, आणि ते नाव ओठांवर नसतानाही त्याचा मान कसा राखला जावा, याबद्दल. विषय ख्रिस्ती घरातला असला, तरी त्याचा उंबरठा फार उंच नाही. कुणीही आत यावं.

ख्रिस्ती मुलाला लहानपणी दोन गोष्टी हमखास पाठ करायला लावतात. एक म्हणजे मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा आणि दुसरी प्रभू येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये, ही त्या दहांतली एक आज्ञा. प्रोटेस्टंट मंडळी तिला तिसरी म्हणतात, कॅथलिक मंडळींच्या मोजणीत ती दुसरी येते. क्रमांक कुठलाही असो, खून आणि चोरी यांच्या आधी ती येते, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आणि प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी नंतर येते. पहिली मागणी असते ती पित्याचं नाव पवित्र मानलं जावं ही. पोटाच्याही आधी नाव!

या आज्ञेची मुळं यहुदी परंपरेत आहेत. हिब्रू शास्त्रात देवाचं नाव चार व्यंजनांनी लिहिलं जातं. यहुदी लोकांनी आदरापोटी ते मोठ्यानं उच्चारणं सोडून दिलं. वाचताना ती चार अक्षरं आली, की ते 'अदोनाय' म्हणजे 'माझा प्रभू' असं वाचतात. शतकानुशतकं हे चाललं आणि मूळ उच्चार नेमका कसा होता, याची खात्री आज कुणालाच देता येत नाही. आपल्या जुन्या मराठी बायबलात 'यहोवा' असं नाव दिसतं, नंतरच्या आवृत्त्यांत त्या जागी 'परमेश्वर' आला. २००८ मध्ये व्हॅटिकननंही जगभरच्या कॅथलिक बिशपांना कळवलं, की उपासनेतल्या गीतांत आणि प्रार्थनांत त्या चार अक्षरी नावाचा उच्चार करू नये.

आपल्या कोकणातले बेने इस्रायली याच परंपरेतले. तेलाचा घाणा चालवणारी ही माणसं शनिवारी विश्रांतीचा दिवस पाळत, घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. देवाची आज्ञा रोजच्या व्यवसायात कशी उतरते, याचं हे अस्सल मराठी उदाहरण.

नाव न उच्चारून मान द्यायचा, ही कल्पना तशी आपल्यालाही नवी नाही. परवापरवापर्यंत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, थोरामोठ्यांना नावानं हाक मारत नसत. काही शब्द तर आपण आजही जपून वापरतो. निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो. शब्दाला वजन असतं, तो तोंडातून निघाला की काहीतरी घडवतो, ही समज आपल्या घराघरांत मुरलेली आहे.

पण मी राहतो निगडीला. आमच्या निगडीचा पत्ता सांगताना लोक भक्ती-शक्ती चौक सांगतात. तिथं शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या भेटीचं शिल्प आहे. देहू इथून हाकेच्या अंतरावर. आषाढी वारीला तुकोबांची पालखी देहूहून निघते, ती निगडीवरून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. एरवी ज्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर धावतात, त्याच रस्त्यावरून त्या दिवशी टाळ-मृदंग आणि नामाचा गजर जातो. या परंपरेत नाव न घेणं हा मान नव्हे. नाव घेत राहणं, चालता-बोलता, दळता-कांडता घेत राहणं, हाच मान!

म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती दोन वारसे आले. शास्त्राकडून आला नावाचा संकोच आणि मातीकडून आलं नामाचं वेड. हे दोन्ही एकमेकांविरुद्ध जातात का? नारायण वामन टिळकांना तसं वाटलं नाही. १८६१ मध्ये जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मराठी चर्चला त्यांनी भजनं दिली, कीर्तनं दिली. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूनं 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केलं, तेही मराठी ओवीत. परक्या मुलखातून आलेल्या या माणसाला देवाचं नाव घ्यायला मराठी भाषा अपुरी वाटली नाही. उलट तिची गोडी त्यानं तोंड भरून गायली.

नीट पाहिलं, तर संकोच आणि गजर दोन्ही एकाच गोष्टीवर बोट ठेवतात. नाव पोकळ होऊ देऊ नका, एवढंच दोघांचं मागणं. वारकऱ्यालाही नुसती तोंडाची वटवट मान्य नाही आणि यहुदी मनुष्यही देवाला विसरण्यासाठी गप्प बसत नाही.

मग नाव पोकळ कसं होतं? पहिली जागा म्हणजे शपथ. आपल्याकडे भाजीच्या गाडीपासून जमिनीच्या सौद्यापर्यंत 'देवाशपथ' सर्रास चालते. शाळेतली मुलं 'गॉड प्रॉमिस' म्हणतात, त्यावर समोरचा 'मदर प्रॉमिस?' असं विचारतो. म्हणजे देवाची हमी पुरली नाही, म्हणून आईला जामीन धरायचं! डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं यावर फार साधं उत्तर दिलं आहे. शपथच वाहू नका, तुमचं होय हे होय असू द्या आणि नाही हे नाही. शपथेची गरज कुणाला पडते? ज्याच्या साध्या बोलण्यावर विश्वास बसत नाही त्याला. जो दर वाक्याला देवाला साक्षीला बोलावतो, तो नकळत कबूलच करत असतो, की साक्षीदार नसताना माझं बोलणं भरवशाचं नाही.

काही ख्रिस्ती पंथांनी ही शिकवण अक्षरशः पाळली. इंग्लंडमधल्या क्वेकर मंडळींनी न्यायालयातही शपथ घ्यायचं नाकारलं, त्यासाठी तुरुंग सोसला आणि अखेर १६९५ मध्ये तिथल्या कायद्यानं त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञेवर बोलण्याची मुभा दिली. ही वाट आज आपल्याकडेही मोकळी आहे. आपल्या राज्यघटनेत लोकप्रतिनिधींना ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं. १९६९ च्या शपथ अधिनियमानुसार साक्षीदारालाही असाच पर्याय आहे. दोन्हींचं वजन सारखं. देवाचं नाव घेऊन खोटं बोलण्यापेक्षा ते न घेता खरं बोलणं हा त्या नावाचा जास्त मोठा मान आहे, हे कायद्यालाही उमगलं म्हणायचं.

दुसरी जागा म्हणजे उद्गार. बस चुकली की 'ओ माय गॉड', मोबाइल हातातून पडला की 'जीझस'. परदेशी कंपन्यांसाठी रात्रपाळी करणाऱ्या आमच्या मुलामुलींच्या तोंडी हे शब्द सहज बसले आहेत. त्यांना धारेवर धरावं असं मला वाटत नाही. पण आपल्या आजीचं 'अरे देवा' आठवून पाहा. दुधाचं पातेलं ओतू गेलं तरी ती तेच म्हणायची आणि गावाकडून वाईट निरोप आला तरी तेच. फरक तिच्या आवाजात असायचा. दुसऱ्या वेळी ती खरोखर देवाला हाक मारत असायची. हाक मारायची जागा मोकळी राहावी, म्हणून शब्द जपून वापरायचा, एवढंच म्हणणं आहे. गोव्यातली ख्रिस्ती माणसं आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात, म्हणजे देव तुमचं भलं करो. इंग्रजीतल्या 'गुडबाय'चं मूळही देव तुमच्यासोबत असो या आशीर्वादात आहे. रोजच्या बोलण्यात देवाचं नाव येऊच नये असं नाही. ते कुणाच्या तरी भल्यासाठी आलं, तर तिथं शोभतं.

तिसरी जागा मात्र जास्त गंभीर आहे आणि तिथं अपराध करणारे आम्ही धार्मिक लोकच असतो. 'देवानं मला सांगितलं,' असं म्हणून आपलं मत दुसऱ्याच्या गळी उतरवायचं. आजारी माणसाला 'विश्वास ठेव, औषध सोड' म्हणायचं. 'हा संदेश अकरा जणांना पाठवा, नाही तर अनर्थ होईल,' असं मोबाइलवरून धाडायचं. घरातल्या सुनेला गप्प बसवायला शास्त्रातलं एखादं वचन फेकायचं. यात शिवी नसते, भाषा तर अगदी सोवळी असते. पण देवाच्या सहीचा कोरा कागद चोरून त्यावर आपला मजकूर लिहावा, तसा हा प्रकार आहे. माझ्या मते आज्ञा मोडण्याचा सगळ्यांत वाईट प्रकार हाच. रस्त्यावर शिवी देणाऱ्याला निदान आपण शिवी देतोय हे ठाऊक असतं.

इथं एक बारीक गोष्ट सांगतो. त्या आज्ञेत हिब्रूमध्ये जे क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ उचलणं, वाहणं असा आहे. नाव व्यर्थ 'उच्चारू' नको एवढंच ते सांगत नाही, तर नाव व्यर्थ 'वाहू' नको असंही सांगतं. आपण मराठी माणसं याला काय म्हणू? नाव लावणं! आपल्याकडे प्रत्येक जण आपल्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो. शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत ते आपल्याबरोबर चालतं. म्हणून तर मुलानं काही उपद्व्याप केला, की गाव विचारतं, 'कुणाचा रे तू?' पोरगा वडिलांचं नाव दिवसातून किती वेळा उच्चारतो याला महत्त्व नसतं. ते नाव लावून तो कसा वागतो, बोलतो, याला असतं. ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत देवाला पिता म्हणतो आणि स्वतःला ख्रिस्ताच्या नावानं ख्रिस्ती म्हणवतो. म्हणजे त्यानं नाव लावलेलं आहे. आता त्याच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द त्या नावाच्या खात्यावर जमा होतो किंवा खर्ची पडतो.

नव्या करारात याकोबाचं एक छोटं पत्र आहे. त्यात जिभेबद्दल फार रोखठोक लिहिलं आहे. ज्या जिभेनं आपण देवाची स्तुती करतो, त्याच जिभेनं देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसांना शाप देतो. एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसं येईल, असा त्याचा प्रश्न आहे. म्हणजे देवाच्या नावाचा मान शेवटी माणसाशी बोलण्यात तपासला जातो.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पिंपरी, आकुर्डी, तळवडे, चाकण. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून पोरं इथं कंत्राटावर कामाला येतात. त्यांची नावं किती जणांना ठाऊक असतात? 'ए', 'अरे', 'ए भैय्या' एवढ्यावर वर्षं निघतात. माल वेळेवर गेला नाही, यंत्र बंद पडलं, की वरच्या साहेबाचा राग पायरी पायरीनं खाली उतरतो आणि तळाशी उभ्या असलेल्या पोराच्या आईबहिणीपर्यंत पोचतो. 'इथं असंच बोलावं लागतं, त्याशिवाय काम होत नाही,' असं सांगतात. खरं तर अशा बोलण्यानं काम होत नाही, भीती होते. भ्यालेला माणूस चूक लपवतो आणि लपलेली चूक पुढच्या पाळीत कुणाचं तरी बोट घेऊन जाते.

मराठीत देवाला आपण 'तू' म्हणतो. आईला 'तू' म्हणतो. आणि झाडूवाल्या बाईलाही 'तू'च म्हणतो, ती आपल्या आईच्या वयाची असली तरी! शब्द एकच, पण पहिल्या दोन ठिकाणी त्यात जवळीक आहे आणि तिसऱ्या ठिकाणी तिची पायरी दाखवणं आहे. साहेबाला मात्र न चुकता 'तुम्ही', 'आपण'. रविवारी देवाला प्रेमानं 'तू' म्हणणाऱ्यानं सोमवारी त्या बाईला काय म्हणायचं, याचा विचार करावा. तिला 'मावशी, तुम्ही' म्हणायला पैसे पडत नाहीत.

या बाबतीत मराठी ख्रिस्ती समाजाला विसरून चालणार नाही असा त्याचा स्वतःचा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आलं. पुढे नगर आणि जालना भागातल्या ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांतली बरीच गावकुसाबाहेरची होती. गावात त्यांना पुरतं नाव नव्हतं. धोंड्या, गंग्या अशी हाक आणि तीही लांबून. बाप्तिस्म्याच्या वहीत पूर्ण नाव लिहिलं जाणं, प्रार्थनेला जमलेल्यांनी 'बंधू', 'भगिनी' म्हणणं, ही त्या माणसांच्या आयुष्यातली केवढी मोठी घटना असेल! जातीची उतरंड चर्चमध्येही पूर्ण मोडली असं म्हणता येणार नाही, तो भाग वेगळा. पण ज्या समाजाला नुसत्या हाकेचं मोल कळलं, त्यातली पिंपरी-चिंचवडला येऊन स्थिरावलेली, साहेब झालेली मुलंबाळं आज दुसऱ्याला 'ए' म्हणत असतील, तर आज्ञा तिथं मोडली. मग ओठांवर देवाचं नाव असो की नसो.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथं फार मोलाचं वाटतं. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी. मनात आणलं असतं, तर जड, भारदस्त शब्दांची रास घालता आली असती. पण केडगावच्या मुक्ती सदनात आश्रयाला आलेल्या बायकांना तेव्हाचं मराठी बायबल कळायला कठीण जातं, हे त्यांनी पाहिलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं. वर्षानुवर्षं चाललेलं ते काम पूर्ण करूनच १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले. १९२४ मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. देवाच्या शब्दाचा मान कशात, तर तो समोरच्या दुष्काळग्रस्त बाईला समजण्यात, असं त्यांनी मानलं. आदराची भाषा म्हणजे अवघड भाषा नव्हे, हे त्यांनी कृतीनं सांगितलं.

आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हेच केलं. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमकीचे फोनही आले. पण फादरांची भाषा खाली उतरली नाही. २०२४ मध्ये ते गेले. अंगावर आलेल्याशीही नीट बोलता येतं, हे मराठी वाचकांनी त्यांच्या रूपानं पाहिलं आहे.

कुणी म्हणेल, मग काय सदा गोड गोडच बोलायचं? मुळीच नाही. बायबलातले संदेष्टे राजाला तोंडावर त्याचा अन्याय सांगत. स्तोत्रकर्ते तर देवालाच विचारतात, की तू कुठं लपलास. आदर म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे. कामगाराला त्याची चूक स्पष्ट सांगावी, साहेबाला त्याचा अन्याय सांगावा, मुलाला रागवावं. फक्त बोलणं चुकीवर असावं, माणसाच्या जन्मावर, जातीवर, आईवर जाऊ नये. राग आला, तरी समोरच्याचं माणूसपण शाबूत राहील एवढी जागा शब्दांत सोडावी. आणि जिथं देवाचं नाव घेतल्यानं आपलं म्हणणं जड होणार असेल, तिथं ते मुद्दाम टाळावं. आपलं म्हणणं आपल्याच पायावर उभं राहू द्यावं.

रोज करता येईल असं काय आहे? फार थोडं. 'शपथ' या शब्दाशिवाय आठवडाभर बोलून पाहावं आणि त्या आठवड्यात खोटं किती कमी बोललो ते मोजावं. आपल्या हाताखालच्या, दारावर येणाऱ्या, सोसायटीच्या फाटकावर बसणाऱ्या माणसांची नावं विचारून घ्यावीत आणि त्याच नावांनी हाक मारावी. जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलताना, तो समोर असता तर हे वाक्य असंच बोललो असतो का, एवढं मनाशी विचारावं. चर्चमधून बाहेर पडल्यावरच्या पाच मिनिटांत हा प्रश्न विशेष उपयोगी पडतो, हे ख्रिस्ती श्रोत्यांना मी वेगळं सांगायला नको.

देवाच्या नावाला माणसाच्या बोलण्यानं उणेपणा येत नाही. सूर्यावर धूळ फेकली तर ती फेकणाऱ्याच्याच डोळ्यांत जाते. पण देवाला ज्यांनी कधी पाहिलं नाही, ते त्याचं नाव लावणाऱ्यांकडेच पाहत असतात. एखाद्या दमलेल्या पोराला दिवसपाळी संपताना कुणी नीट नावानं हाक मारून 'जेवलास का?' असं विचारलं, तर त्या वाक्यात देवाचा उल्लेख कुठंच नसतो. तरीही प्रार्थनेतली ती पहिली मागणी त्या घटकेपुरती पुरी झालेली असते.